ॲल्युमिनियम ट्रिमवरचा रंग पुन्हा पुन्हा का सुटतो? दोष शोधणं आणि प्रायमर नीट धरवणं

खिडक्यांभोवतीची पट्टी, टपावरचे रूफ रेल, दाराखालचा फूटबोर्ड. गाडीच्या ॲल्युमिनियमच्या या भागांवर रंग मारला की काही महिने छान दिसतो आणि पहिल्या पावसाळ्यात पोपडे धरतो. मग वरवर घासायचा पेपर मारून आणखी एक हात दिला जातो, आणि तोही निघतो. दोष रंगाचा क्वचितच असतो. प्रायमरने खालचा धातूच धरलेला नसतो, आणि ती पकड वरून कितीही कोट चढवले तरी मागाहून येत नाही. म्हणून नवा डबा विकत घेण्याआधी थर नेमका कुठून सुटला ते शोधायचं. ते कळलं की अर्धं काम झालं.

लक्षणं

• रंग मोठ्या तुकड्यांत निघतो, खाली धातू स्वच्छ आणि चकचकीत दिसतो. प्रायमर धातूला चिकटलाच नव्हता. कारण मेण किंवा सिलिकॉन, न घासलेला ॲनोडाइज्ड थर (कारखान्यात मुद्दाम चढवलेला जाड ऑक्साइड), नाहीतर चुकीचा प्रायमर.

• रंग निघतो पण प्रायमर जागेवर राहतो. धातूची तयारी बरोबर होती; प्रायमर आणि रंग यांच्यात बिनसलं.

• कडेपासून किंवा ओरखड्यापासून रंगाखाली बारीक, नागमोडी रेघा आत सरकतात. हा फिलिफॉर्म गंज. दमट हवा आणि क्षार एकत्र आले की होतो, म्हणून मुंबई, कोकण आणि गोव्याच्या गाड्यांवर तो फार दिसतो.

• स्क्रू किंवा क्लिपभोवतीच फोड येतात, फोडले की पांढरी भुकटी निघते. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले आहेत.

• पावसानंतर सगळीकडे बारीक फोड, आत पाणी. प्रायमरखाली साबण किंवा पाण्यातले क्षार राहिले होते.

• स्प्रे गन मारतानाच रंगात गोल खड्डे पडतात. सिलिकॉन. डॅशबोर्ड किंवा टायर पॉलिशचा फवारा हे याचं नेहमीचं मूळ.

• वरचा कोट बसताच खालचा सुरकुततो. खालचा थर कच्चा होता, जाड होता किंवा थिनरमध्ये विरघळणारा होता.

यातली दोन-तीन लक्षणं एकाच पट्टीवर सापडू शकतात. तशा वेळी धातूच्या सर्वांत जवळचं कारण आधी धरा.

१. पापुद्रा उलटा करून बघा (खर्च शून्य)

नखाने किंवा ब्लेडने सुटलेला तुकडा काढा आणि त्याची मागची बाजू उन्हात बघा. मागे प्रायमरचा रंग आणि खाली चकचकीत धातू असेल तर सगळं उघडं करावं लागणार. मागे फक्त वरच्या रंगाची छटा असेल तर प्रायमर वाचण्याची शक्यता आहे. मागे पांढरी भुकटी चिकटली असेल तर धातू खाली गंजतोय आणि वरून केलेली कुठलीही दुरुस्ती टिकणार नाही.

जिथे रंग अजून शाबूत दिसतो तिथे टेपची चाचणी करा. धारदार ब्लेडने २ मिमी अंतरावर सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा धातूपर्यंत कापा, चांगली चिकटणारी टेप दाबून बसवा आणि झटकन मागे ओढा. फक्त कापाच्या कडा किंचित तुटल्या तर ठीक. चौकोनच्या चौकोन निघून आले तर तो शाबूत दिसणारा भागही काढावाच लागेल. हे केल्याशिवाय फक्त सुटलेली जागा रंगवली तर पुढचा पोपडा जुन्या जोडावरूनच सुरू होतो.

२. हे ॲल्युमिनियमच आहे ना?

लोहचुंबक लावा. चिकटला तर पोलाद. नाही चिकटला तर ॲल्युमिनियम, काही जातीचं स्टेनलेस किंवा क्रोम चढवलेलं प्लास्टिक. पट्टीच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला बारीक कानस फिरवा: ॲल्युमिनियम सहज कोरलं जातं, स्टेनलेसवरून कानस घसरते. प्लास्टिकच्या भागावर मागे बहुधा एबीएससारखी (प्लास्टिकच्या जातीची) उठावदार अक्षरं साच्यातूनच आलेली असतात. प्लास्टिकला वेगळा प्रायमर लागतो आणि त्यावर क्रोम असेल तर कामच वेगळं; पुढचं सगळं फक्त ॲल्युमिनियमसाठी आहे.

३. पाण्याची चाचणी

भांडी घासायच्या साबणाने पट्टी धुवा आणि भरपूर पाण्याने दोनदा खळखळून काढा. मग स्वच्छ पाणी ओता. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला तर पृष्ठभाग स्वच्छ. पाणी फाटून थेंब झाले तर तिथे मेण, तेल किंवा सिलिकॉन आहे. खळबळताना कसूर झाली तर उरलेला साबणच पाणी पसरवतो आणि चाचणी खोटी पास होते, म्हणून दोनदा.

चिकटा काढायला वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हर आणि दोन सुती फडकी घ्या. पहिल्या ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते सुकायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने घासत बसलं तर तेल फक्त जागा बदलतं. पेट्रोल आणि रॉकेल मागे तेलकट थर सोडतात. एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगांचा) थिनर इतक्या लवकर उडतो की विरघळलेलं मेण तिथेच परत बसतं.

हे सगळं पेपर मारण्याआधी करायचं. आधी घासलं तर सिलिकॉन ओरखड्यांच्या तळात जाऊन बसतं आणि मग कुठल्याही फडक्याला सापडत नाही. रंग सुटण्याच्या तक्रारींमध्ये क्रम उलटा झाल्याचं कारण फार वेळा निघतं.

४. ॲनोडाइज्ड थर आहे का?

कंपनीतून आलेली चंदेरी किंवा काळी पट्टी बहुतेक वेळा ॲनोडाइज्ड असते. साध्या ॲल्युमिनियमवर हवेने आपोआप येणारा ऑक्साइडचा थर काही नॅनोमीटरचा असतो; ॲनोडायझिंगचा थर त्याच्या हजारो पट जाड, बहुधा ५ ते १५ मायक्रॉन. शेवटी त्याची छिद्रं गरम पाण्यात बंद केलेली असतात. म्हणून तो कडक आणि गुळगुळीत असतो आणि प्रायमरला त्यावर धरायला काहीच मिळत नाही.

तपासायला स्वस्तातला मल्टिमीटर पुरतो. ओहम किंवा बझरवर ठेवा आणि दोन्ही टोकं पट्टीवर दाब न देता आडवी टेकवा. बझर वाजला तर धातू उघडा. नाही वाजला आणि वर रंग किंवा लॅकरही नाही, तर तो ॲनोडाइज्ड थर. हा ऑक्साइड वीज वाहू देत नाही. टोक जोरात रुतवलं तर थर फुटून बझर वाजेल, तेवढं सांभाळा.

चंदेरी पट्टीवर पांढुरके डाग किंवा ओघळ दिसत असतील तर हा थर जागोजागी खाल्ला गेला आहे. तीव्र अल्कलाइन वॉशिंग फोम हे एक कारण. दुसरं कारण सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये सापडतं: गळक्या स्लॅबमधून ठिबकणारं चुन्याचं पाणी. ते खूप अल्कलाइन असतं आणि ॲनोडायझिंगला मारक ठरतं. जागा बदलली नाही तर नव्या रंगाचीही गत चांगली होणार नाही.

थर सगळीकडे अखंड असेल तर तो पूर्ण काढायची गरज नाही. २४० ते ३२० नंबरच्या पेपरने एकसारखा मंद होईपर्यंत घासा. एकही चकाकता ठिपका राहता कामा नये. पट्टी तिरकी धरून उजेडात बघा, राहिलेला ठिपका लगेच डोळ्यात भरतो. थर तुकड्यातुकड्यांत गेला असेल तर मात्र पट्टी एकसारखी होईपर्यंत उतरवा.

५. आधीचा प्रायमर कोणता होता?

डबा असेल तर लेबल वाचा. नसेल तर कापसाचा बोळा एनसी थिनरमध्ये बुडवून प्रायमरवर पंधरा-वीस वेळा घासा. बोळ्यावर रंग उतरला किंवा प्रायमर मऊ पडला तर तो एक-घटकी (हार्डनरशिवाय मारायचा) आहे किंवा नीट पिकलेलाच, म्हणजे पूर्ण कडक झालेलाच नाही. दोन-घटकी (हार्डनर मिसळून मारायचा) प्रायमर जवळपास जसाच्या तसा राहतो.

हार्डवेअरच्या दुकानातला रेड ऑक्साइड ॲल्युमिनियमवर सर्रास मारला जातो. तो लोखंडासाठी आहे. शेंदूर असलेले किंवा ग्रॅफाइटचे प्रायमर तर ॲल्युमिनियमचा गंज वाढवतात. असा थर खाली सापडला तर तडजोड नको, मुळापर्यंत काढा. जुना प्रायमर पिवळट-हिरवा असेल तर त्यात झिंक क्रोमेट असू शकतं. ते कर्करोगकारक आहे, कोरडं घासून धूळ उडवू नका.

प्रायमर नीट चिकटलेला आणि फक्त रंग सुटलेला असेल तर बहुधा प्रायमरचा रिकोट काळ (ज्या वेळेत पुढचा कोट मारायचा असतो तो) उलटून गेला होता. इपॉक्सी पुरता पिकला की गुळगुळीत होतो. त्यानंतर ४०० नंबरने किंवा मरून स्क्रबपॅडने घासल्याशिवाय त्यावर रंग धरत नाही. हा काळ डब्यागणिक वेगळा असतो, तांत्रिक पत्रक बघा.

६. पट्टी उतरवून मागची बाजू, स्क्रू आणि निचरा

फोड नेहमी त्याच जागी येत असतील तर पट्टी काढल्याशिवाय कारण दिसणार नाही. क्लिपा तुटतात, नव्या आधीच आणून ठेवा. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटू नका, प्लास्टिकची पट्टी वापरा.

पोलादी किंवा स्टेनलेस स्क्रू थेट ॲल्युमिनियमला टेकला आणि त्यात खारं पाणी साचलं की ॲल्युमिनियम झिजतं. उपाय स्वस्त आहे: भोकाच्या आतल्या कडेलाही प्रायमर, आणि स्क्रूखाली नायलॉनचा वॉशर. पाणी निघायची भोकं मातीने बुजलेली असतील तर मोकळी करा. मागची बाजू उघडी ठेवून फक्त पुढची रंगवली तर गंज मागून कडेवर येतो आणि तिथून पुढे शिरतो.

७. पूर्ण उतरवून नव्याने प्रायमर

वरचं काहीच पुरलं नाही, किंवा धातूवरूनच रंग सुटत असेल, तर हे करावंच लागतं.

जुना रंग पेंट रिमूव्हरने काढणार असाल तर कॉस्टिक सोड्याचा अजिबात नको. तो ॲल्युमिनियम खातो आणि हायड्रोजन सोडतो. रिमूव्हर घड्यांत अडकतो, तिथून नंतर हळूहळू झिरपतो, म्हणून ब्रशने धुऊन काढा. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटचं खळबळणं बॅटरीच्या डिस्टिल्ड पाण्याने करा.

घासायला नवा ॲल्युमिनियम ऑक्साइड पेपर. लोखंडावर वापरलेला पेपर, स्टील वूल, तारेचा ब्रश यांतले लोखंडाचे कण मऊ ॲल्युमिनियममध्ये रुततात आणि प्रत्येक कणाभोवती नवा फोड तयार होतो. गंजलेल्या जागी १८० ने सुरुवात, सगळीकडे शेवट ३२० वर, कोपऱ्यांत मरून स्क्रबपॅड. ४०० च्या पुढे जाऊ नका, धातू गुळगुळीत होतो आणि पकड कमी होते. तीक्ष्ण कडा ३२० ने किंचित गोल करा, कारण ओला रंग धारेवरून मागे सरकतो आणि नेमकी तीच जागा पातळ राहते. पांढरी भुकटी खड्ड्याच्या तळातून पूर्ण गेली पाहिजे. खड्डा भरायचा असेल तर लांबी (पुट्टी) उघड्या धातूवर नको, आधी इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर लांबी.

धूळ उडवा, वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हरने दोन फडक्यांची पद्धत पुन्हा करा, आणि इथून पुढे हातमोज्यांशिवाय पट्टीला हात लावू नका. बोटाचा घाम म्हणजे मीठच.

आता वेळ महत्त्वाची. घासलेल्या ॲल्युमिनियमवर ऑक्साइड लगेच येऊ लागतो आणि दमट हवेत त्यात ओलावा मुरतो. कोरड्या दिवसांत चार तासांच्या आत, पावसाळ्यात तासाभरात प्रायमर मारा. पट्टी रात्रभर राहिली तर सकाळी स्क्रबपॅड आणि पुसणं पुन्हा करा. आज घासून उद्या गन मारायची सवय बऱ्याच ठिकाणी आहे. लोखंडावर त्याचा परिणाम गंज म्हणून दिसतो तरी. ॲल्युमिनियमवर काहीच दिसत नाही, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं चालू राहते.

प्रायमरचे दोन मार्ग आहेत. दोन्ही चांगले, पण एकावर एक चढवायचे नाहीत.

पहिला, दोन-घटकी इपॉक्सी. घरगुती आणि छोट्या गॅरेजच्या कामासाठी हाच निवडावा; तो ओलावा अडवतो आणि जाडीतल्या लहानसहान चुका सांभाळून घेतो. डब्यावरचं प्रमाण मापाने घ्या, अंदाजाने नाही. हार्डनर जास्त टाकल्याने लवकर सुकत नाही, थर चिवट होण्याऐवजी बिघडतो. दोन मध्यम कोट, मध्ये १५ ते २० मिनिटं, सुकल्यावर एकूण ४० ते ६० मायक्रॉन. किती लागेल? अर्ध्या चौरस मीटर पट्टीवर ५० मायक्रॉन सुका थर म्हणजे २५ मिली घन माल. प्रायमरमध्ये घन भाग निम्मा धरला तर ५० मिली, आणि अरुंद पट्टीवर गनचा निम्मा माल हवेत जातो म्हणून १०० मिली कालवा. मागची बाजूही रंगवायची असेल तर २०० मिली.

दुसरा, एच (etch) प्रायमर आणि त्यावर दोन-घटकी पीयू (पॉलियुरेथेन) सरफेसर, म्हणजे घासून सपाट करायचा भरणारा थर. एच प्रायमरमध्ये फॉस्फोरिक आम्ल असतं, ते धातूला सूक्ष्म कोरतं. हा कोट साधारण १० मायक्रॉनचा, इतका पातळ की खालचा धातू अंधूक दिसत राहावा. झाकला जावा म्हणून जाड मारला तर आम्ल आत अडकतं, थर मऊ राहतो आणि पुढे सगळं घेऊन सुटतो. त्यावर इपॉक्सी मारू नका, लांबीही लावू नका: उरलेलं आम्ल इपॉक्सीच्या हार्डनरशी भांडतं आणि लांबीचं पिकणंही बिघडवतं. एच प्रायमर पाण्याने घासायचा नाही. सरफेसरही शक्यतो कोरडाच घासा, तो पाणी शोषतो.

सरफेसर घासताना कडेला धातू उघडा पडला तर पुढे रेटू नका. तेवढ्या जागी प्रायमर पुन्हा. कडेची नखाएवढी उघडी जागा फिलिफॉर्मला पुरते.

हवा आणि कंप्रेसर

आर्द्रता ८५ टक्क्यांच्या वर असेल, किंवा धातूचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश वर नसेल, तर काम थांबवा. उपकरण नसेल तर ओल्या फडक्याने पट्टीचा तुकडा पुसा. पंधरा मिनिटांत ओल उडाली नाही तर आज गन नको. नाशिक-पुण्याच्या थंडीत पहाटे धातूवर दव असतं आणि १५ अंशांखाली इपॉक्सीचं पिकणंही मंदावतं. विदर्भातल्या मे महिन्यात उलटं: तापलेल्या पट्टीवर प्रायमर पोचण्याआधीच सुकतो आणि खरखरीत भुकटी होऊन बसतो. सकाळी लवकर, सावलीत, संथ (हळू उडणाऱ्या) थिनरने काम करा.

कंप्रेसरच्या टाकीतलं पाणी रोज काढा. गनमधून नुसती हवा पांढऱ्या कागदावर मिनिटभर सोडा. ओल किंवा तेलाचा ठिपका दिसला तर आधी फिल्टर.

प्रायमर आणि रंग झाल्यावर क्लिपा बसवायला किमान २४ तास थांबा, आणि आठवडाभर फोम वॉश किंवा प्रेशर वॉशर नको. क्लिपच्या दाबाने कच्चा थर तिथेच चिरतो.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

रूफ रेल काढायला आतलं छताचं अस्तर किंवा खांबाचं कव्हर उघडावं लागत असेल आणि गाडीला कर्टन एअरबॅग (छताच्या कडेतून उघडणारी) असेल, तर हात घालू नका. ते अधिकृत वर्कशॉपचं काम आहे. काचेला गोंदाने जोडलेली पट्टीही घरी काढू नये, काच जाते.

दोन-घटकी पीयू सरफेसर आणि क्लिअरच्या (वरच्या पारदर्शक कोटच्या) हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो, आणि कापडी किंवा धुळीचा मास्क ते अडवत नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ नसेल तर पट्टी तयार करून, इपॉक्सी मारून, वरचे कोट बूथ असलेल्या पेंटरकडून करून घ्या. इपॉक्सी मारतानाही सेंद्रिय वाफांच्या कार्ट्रिजचा मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच.

रूफ रेलवर कॅरियर लावून सामान नेत असाल आणि गंजाचे खड्डे पायाजवळ किंवा बोल्टच्या भोकाशी असतील, चीर दिसत असेल, तर तो भाग बदलाच. रंगाने ताकद येत नाही.

ॲनोडायझिंग सगळ्या पट्ट्यांवर उखडलं असेल तर हाताने घासत बसण्यापेक्षा ॲनोडायझिंगवाल्याकडून रसायनाने उतरवून पुन्हा करवून घ्या, किंवा पावडर कोटिंग करा. भोसरी, अंबडसारख्या औद्योगिक वसाहतींत ही कामं होतात. पावडर कोटिंगची भट्टी साधारण १८० ते २०० अंशांची असते, म्हणून रबर, प्लास्टिक आणि चिकटपट्टी आधी पूर्ण काढून द्या. पावडर मारण्याआधी धातूवर काय प्रक्रिया करतात ते विचारा. फक्त पुसून पावडर मारत असतील तर दुसरीकडे जा.

आणि एक. वरचं सगळं क्रमाने केल्यावरही नव्या प्रायमरवर, तो पूर्ण पिकल्यानंतर, टेपच्या चाचणीत चौकोन निघत असतील तर तिसरा प्रयत्न करू नका. तो तुकडा, वापरलेल्या प्रायमरचं तांत्रिक पत्रक आणि डब्यावरचा बॅच नंबर घेऊन रंगाच्या कंपनीच्या तांत्रिक माणसाला दाखवा.